डिसेंबर निभतो, खरी कसोटी पुढे: जर्मनीतला माझा पहिला हिवाळा

कोल्हापुरातून सप्टेंबरमध्ये जर्मनीला निघणाऱ्या पोरापोरींचे प्रश्न ठरलेले असतात. जॅकेट इथून न्यायचं की तिथं घ्यायचं, थर्मलचे जोड किती, कांदा-लसूण चटणी किती किलो चालते, उणे दहात बाहेर पडता येतं का. सगळे प्रश्न डिसेंबर डोळ्यांसमोर ठेवून विचारलेले. मी तिथला पहिला हिवाळा काढून सुट्टीला घरी आलेय. डिसेंबर-जानेवारी तसे निभतात. माणूस टेकीला येतो तो फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिल उजाडेपर्यंत, आणि त्या दिवसांबद्दल निघण्याआधी माझ्याशी कुणीच बोललं नव्हतं. म्हणून जरा तपशिलात लिहितेय.

मी राजारामपुरीतली. इंजिनिअरिंग कोल्हापुरातच झालं. मास्टर्ससाठी पूर्व जर्मनीतल्या थुरिंगिया राज्यात, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका छोट्या विद्यापीठाच्या गावात प्रवेश मिळाला. ते गाव साधारण ५०० मीटर उंचीवर आहे आणि कोल्हापूरही थोड्याफार फरकानं तेवढ्याच उंचीवर. फरक अक्षांशाचा. आपण १६.७ अंशांवर, ते ५०.७ अंशांवर. २१-२२ डिसेंबरला कोल्हापुरात दिवस ११ तासांचा असतो, तिथं जेमतेम ८ तासांचा.

निघण्याआधीचं थोडक्यात सांगते, कारण त्यावर माहिती भरपूर सापडते. एपीएस प्रमाणपत्राला (आपली भारतातली शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणारा दाखला) १८,००० रुपये, व्हिसाची फी ७५ युरो, आणि ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायच्या खात्यात, ११,९०४ युरो. सप्टेंबर २०२४ पासून हीच रक्कम आहे. त्यातून महिन्याला ९९२ युरो आपल्या हातात येतात. थर्मल आणि लोकरी मोजे कोल्हापुरात घेतले, ते उत्तम निघाले. जॅकेट आणि बूट मात्र तिथंच घ्या. आपल्याकडं मिळणारं जाड जॅकेट कोरड्या थंडीला पुरतं, पण अर्धवट वितळलेल्या बर्फात ते भिजतं आणि दिवसभर वाळत नाही. मला वॉटरप्रूफ जॅकेट ८० युरोंना आणि खोल खाचांच्या तळव्याचे बूट ७० युरोंना पडले. त्या सगळ्या हिवाळ्यातला सगळ्यात वसूल झालेला खर्च तोच.

ऑक्टोबर कागदपत्रांत गेला. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची, त्यासाठी घरमालकाचं पत्र लागतं. होस्टेल असेल तर ते ऑफिसातून मिळतं. आरोग्य विम्याचे महिन्याला दीडशे युरोंच्या घरात जातात. रेडिओ-टीव्हीची वर्गणी म्हणून दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो भरावे लागतात, तुमच्याकडं टीव्ही असो वा नसो. आम्ही होस्टेलच्या फ्लॅटमध्ये चौघं होतो, त्यामुळं ती विभागली गेली. त्याचं पत्र आलं की बाजूला टाकू नका.

पहिला बर्फ नोव्हेंबरच्या शेवटी पडला. त्या दिवशी आम्ही सगळे भारतीय लहान मुलांसारखे बाहेर होतो, आणि माझ्या फोनमधले त्या वर्षीचे निम्मे फोटो त्या एका दुपारचे आहेत. पुढं डिसेंबरभर गावात दिव्यांच्या माळा, नाताळचा बाजार, गरम मसालेदार पेयं. अंधार साडेचारला पडायचा, पण त्या अंधारासाठी गावानं स्वतःला सजवलेलं असतं. लोकही बोलके असतात. नाताळनंतर बाजार उठतो, जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात माळा उतरतात आणि वापरलेली नाताळची झाडं फुटपाथवर उचलून नेण्यासाठी ठेवलेली दिसतात. बर्फ मात्र तसाच, आणि अंधार जवळजवळ तेवढाच.

संक्रांतीसाठी आईनं स्पीड पोस्टनं तिळगूळ, भडंग, मेतकूट आणि चटणी पाठवली. तूपही पाठवायचं तिच्या मनात होतं. आमच्या कॉलेजात सांगलीचा एक सीनियर आहे, सगळे त्याला दादाच म्हणतात. त्यानं वेळेत सांगितलं की युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, अगदी घरच्यासाठीही. तूप, पेढे, खवा काही नाही. घरच्या माणसानं पाठवलेली भेट ४५ युरोंपर्यंत करमुक्त असते, पण पार्सलवर आत काय आहे आणि किती किमतीचं आहे हे एकेक करून लिहिलेलं हवं. आईनं नुसतं ‘खाऊ’ लिहिलं होतं. त्यामुळं पार्सल कस्टम्सच्या ऑफिसात अडकलं आणि मला पासपोर्ट घेऊन शेजारच्या मोठ्या गावी जावं लागलं. अधिकाऱ्यासमोर खोकं उघडलं. त्यानं चटणीच्या पुडीला नाक लावलं, पुढं काही विचारलं नाही, सही घेतली. तिळगूळ फेब्रुवारी लागल्यावर खाल्ला.

त्याच सुमाराची एक गोष्ट. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी हे अंबाबाईच्या किरणोत्सवाचे दिवस. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येत पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, मग वर सरकत तिसऱ्या दिवशी चेहऱ्यापर्यंत पोचतात. कधी ढग येतात, कधी धूळ, आणि मग किरणं मध्येच कुठंतरी विरतात. घरी असताना हे मी बातमीत वाचायचे आणि विसरायचे. मंदिर घरापासून गाडीनं दहा मिनिटांवर, पण किरणोत्सवाला मी कधी गेलेच नव्हते. यंदा मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या कँटीनमध्ये, बटाट्याचं सूप समोर ठेवून फोनवर लाइव्ह बघितला. आपली संध्याकाळची सव्वासहा म्हणजे तिथली दुपारची पावणेदोन. खिडकीबाहेर ट्यूबलाइट विझवल्यासारखा उजेड होता आणि फोनवर गाभाऱ्यात ऊन आलेलं. समोर बसलेल्या इराणी मैत्रिणीनं विचारलं काय बघतेस. तिला सांगितलं की आमच्याकडं सूर्य वर्षातून दोनदा देवळात येतो आणि आम्ही त्याची वाट बघतो. तिला ते अजिबात विचित्र वाटलं नाही. फेब्रुवारीत तिथं कुणालाच वाटलं नसतं.

आता मूळ मुद्दा. फेब्रुवारीत परीक्षा असतात. लेक्चर बंद होतात, म्हणजे सकाळी उठून बाहेर पडण्याची सक्ती जाते. दिवस वाढत असतो, कागदावर. महिनाअखेरीस तो पावणेअकरा तासांचा होतो. पण आकाश सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकाच राखाडी रंगाचं, त्यामुळं वाढलेला दिवस जाणवत नाही. दुपारी थोडं वितळतं, रात्री पुन्हा गोठतं. रस्त्याकडेचा बर्फ खडी आणि धुरळा मिसळून काळा पडतो. होस्टेलचा हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा माणूस, पहाटे बारीक खडी टाकून जायचा. तरीही उतारावर माझ्या वर्गातला एकजण घसरला आणि मनगट मोडून घेतलं, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात. तिथले लोक सांगतात ते ऐका: पावलं छोटी टाका, वजन पुढच्या पायावर ठेवा आणि हात खिशात घालू नका.

बाबांना फोनवर म्हटलं, सूर्य दिसत नाही. ते म्हणाले, “अगं, जुलैत आपल्याकडं तरी कुठं दिसतोय? पंधरा-पंधरा दिवस झाकोळ असतोय की.” बरोबर आहे. मीही आधी तसंच समजून चालले होते की पावसाळ्यात वाढलेल्या पोरीला ढगांचं काय कौतुक. पण जुलैतलं आकाश काहीतरी करत असतं. पंचगंगेचं पाणी किती चढलं, राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी गाठली का, ४३ ला धोका कधी लागेल, राधानगरीचे दरवाजे उघडले का. सगळं गाव त्यावर बोलत असतं, आणि भीती असली तरी ती सगळ्यांची मिळून असते. तिथला फेब्रुवारी काहीच करत नाही. त्याच्याबद्दल बोलण्यासारखं काही नसतं, म्हणून कुणी बोलत नाही, आणि आपल्याला वाटतं की हे फक्त आपल्यालाच होतंय.

मला काय होत होतं ते लिहून ठेवते. रात्री दहा तास झोपूनही सकाळी अंग जड. सारखा भात आणि गोड खावंसं वाटायचं. आईच्या “जेवलीस काय?”ला “हो” म्हणून फोन ठेवायचा. अभ्यास व्हायचा, पण एक पान वाचायला अर्धा तास. रडूबिडू येत नव्हतं. त्यामुळं डॉक्टरकडं जाण्यासारखं काही आहे असंही वाटत नव्हतं. दादानंच पाठवलं. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे ऐकलं आणि सांगितलं की हिवाळ्यात येणारी अशी उदासी वैद्यकात १९८४ पासून नोंदलेली आहे, उजेडाच्या अभावाशी तिचा संबंध आहे, आणि माझं प्रकरण सौम्य वाटतंय. सल्ला तीन गोष्टींचा होता. सकाळी उठल्या उठल्या १०,००० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) दिव्यासमोर अर्धा तास. आकाश कसंही असो, दुपारी बाहेर चालणं, कारण ढगाळ दिवसाचा उजेडही खोलीतल्या दिव्याच्या कितीतरी पट असतो. आणि ड जीवनसत्त्व.

दिवा ५५ युरोंना घेतला. समोर बसून पोहे खायचे आणि नोट्स वाचायच्या, त्याच्याकडं टक लावून बघायचं नसतं. आठवड्याभरात सकाळचं जडपण कमी झालं. उदासी पूर्ण गेली असं म्हणणार नाही. डोळ्यांचा आजार असेल किंवा मनाच्या आजारावर औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. ड जीवनसत्त्वाचं म्हणाल तर तिथं ऑक्टोबर ते मार्च सूर्य इतका खाली असतो की त्वचेत ते तयारच होत नाही. जर्मनीत अशा वेळी दिवसाला २० मायक्रोग्रॅम, म्हणजे ८०० युनिट, पुरेसं मानतात. गोळ्या किराणा-प्रसाधनाच्या दुकानात मिळतात आणि चार-पाच युरोंत महिने निघतात. आपल्याकडची ६०,००० युनिटांची आठवड्याची पुडी बॅगेत घालून स्वतःच्या मनानं घेऊ नका, ते डॉक्टरांचं काम आहे.

विद्यार्थी कल्याण संस्थेचं मानसिक समुपदेशनही आहे. फुकट, गोपनीय, आणि इंग्रजीत बोलता येतं. परीक्षेच्या काळात वेळ मिळायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून नाव जानेवारीतच नोंदवा. गरज वाटली नाही तर रद्द करता येतं. मी गेले होते. तिथं काय बोललो ते माझ्यापाशीच ठेवते, पण जाऊन यावं असं ठिकाण आहे.

याच दिवसांत रेसिडन्स परमिटचं काम आलं. माझा व्हिसा मार्चअखेर संपत होता. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात परदेशी नागरिकांच्या सरकारी ऑफिसला ईमेल केली, फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातली सकाळी साडेआठची वेळ मिळाली. कागद असे: भरलेला अर्ज, पासपोर्ट, विद्यापीठाचं प्रवेशपत्र, विम्याचा दाखला, भाडेकरार, पत्त्याची नोंद आणि पुढच्या वर्षाच्या पैशांचा पुरावा. फोटोबद्दल लक्षात ठेवा, १ मे २०२५ पासून कागदी फोटो चालत नाहीत. कोल्हापुरातून काढून नेलेल्या फोटोंचा तिथं उपयोग नाही. नोंदणीकृत फोटोवाला डिजिटल फोटो काढून कोड देतो, किंवा ऑफिसातल्या मशिनवर ६ युरोंत निघतो.

पैशांचा पुरावा सगळ्यात दमवणारा. कर्जाचा दुसरा हप्ता कोल्हापुरातून सुटायचा होता. बाबा बँकेत जाऊन बसायचे: परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म, पॅन, माझं प्रवेशपत्र, सहअर्जदार म्हणून त्यांच्या सह्या. शैक्षणिक कर्जातून पैसे पाठवले तर एप्रिल २०२५ पासून टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक घेते तो कर) कापला जात नाही, हे बँकेतल्या बाईंनीच आपणहून सांगितलं. शाखा दहाला उघडते तेव्हा तिथं पहाटेचे साडेपाच. बाबांना मध्येच काही विचारायचं असेल म्हणून मी त्या आठवड्यात पाचला उठून बसायचे. अंधारात, दिव्यासमोर, फोन हातात घेऊन. गंमत म्हणजे झोपेचं वेळापत्रक त्यानंच रुळावर आलं. काम संपल्यावरही मी सहाचा गजर तसाच ठेवला.

ऑफिसात काम वीस मिनिटांत झालं. बोटांचे ठसे, १०० युरो कार्डानं, आणि सांगितलं की परमिटचं कार्ड यायला पाच-सहा आठवडे लागतील. व्हिसा त्याआधी संपणार होता. पण मुदत संपण्याआधी अर्ज केलेला असला की निकाल लागेपर्यंत वास्तव्य कायदेशीर राहतं. तसं लेखी प्रमाणपत्र मागून घ्या, १३ युरो लागतात. ते हातात नसताना देशाबाहेर जायचं तिकीट काढू नका.

परीक्षा संपल्यावरच्या रविवारी दादा म्हणाला, “चल, वर जाऊ. वर ऊन आहे.” मला वाटलं समजूत घालतोय. त्यानं फोनवर डोंगरावरच्या एका स्की केंद्राचा वेबकॅम दाखवला. खरंच निळं आकाश. हिवाळ्यात वारा पडला की थंड, जड हवा दरीत साचते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं आणि खाली धुकं-ढग अडकून राहतात. दिवसचे दिवस. आपण त्या झाकणाखाली राहत असतो. रेनस्टाइग नावाची पायवाट त्या डोंगरांच्या माथ्यावरून सुमारे १७० किलोमीटर जाते. तिथवर बस जाते आणि आमच्या सेमिस्टर तिकिटात ती फुकट होती. चढणीवर एका वळणानंतर बस ढगातून बाहेर आली आणि सगळ्या बसनं एकदम डोळे मिटले. पन्हाळ्यावर पावसाळ्यात मी कितीदा ढगात उभी राहिलेय, पण ढग पायाखाली आणि डोक्यावर ऊन हे कधी बघितलं नव्हतं. आम्ही बाकावर तोंड वर करून बसलो, भडंग खाल्लं, कुणी फारसं बोललं नाही. शेजारच्या बाकावर ऐंशीच्या घरातली दोन जर्मन माणसंही तशीच बसली होती.

त्यानंतर वेबकॅम बघणं रोजचं झालं. डोंगराळ भागात राहत असाल तर हे अवश्य करा. त्या दिव्याइतकाच फायदा मला त्या बसचा झाला. हे ऑक्टोबरमध्ये कळलं असतं तर बरं झालं असतं, इतकंच.

मार्च वेगळ्या कारणानं जड जातो. परीक्षा संपतात, मुलं घरी किंवा इंटर्नशिपला जातात, होस्टेलचा मजला रिकामा. भारतातून सगळे विचारतात, “आता संपली ना थंडी?” आणि बाहेर बर्फ पडत असतो. या महिन्यासाठी आधीच काहीतरी ठरवून ठेवा. मी जर्मन भाषेचा सकाळचा कोर्स घेतला होता. कोर्स बेताचाच होता, पण नऊ वाजता कुठंतरी पोचायचं असायचं.

पाडव्याला आम्ही पाच-सहा मराठी मंडळी जमलो. हरभऱ्याची डाळ तुर्की दुकानात मिळाली, पुरण छान झालं, फक्त घरभर वाफ. तिथं हिवाळ्यात दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडाव्या लागतात, नाहीतर भिंतींना बुरशी धरते आणि डिपॉझिटमधून पैसे जातात. फोडणीवाल्यांनी तर जास्तच. तशा उघड्या खिडकीत गुढी उभारली. काठी मिळेना म्हणून शेजाऱ्याकडून स्कीची काठी मागून आणली, कडुलिंबाऐवजी काहीच नाही. आजीनं व्हिडिओवर बघितलं आणि म्हणाली, “काठी कसली गं ही? आणि मागनं पांढरं काय पडालंय?”

मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढं जातं. भारताशी साडेचारचा फरक साडेतीनवर येतो आणि संध्याकाळी पावणेआठपर्यंत उजेड राहतो. त्या एका दिवसानं गावाचा चेहरा बदलतो, लोक खुर्च्या बाहेर काढून बसतात, तापमान सहा अंश असलं तरी. एप्रिलमध्ये पुन्हा दोनदा बर्फ पडला, पण दुपारपर्यंत उतरला. परमिटचं कार्ड एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. ते घेताना नावाचं स्पेलिंग आणि मुदतीची तारीख तिथंच तपासा, आणि पुढच्या नूतनीकरणासाठी मुदतीआधी दोन महिन्यांची आठवण फोनमध्ये लावून टाका.

आणखी एक, खर्चाचं. तिथल्या दुकानांत फेब्रुवारी-मार्चमध्ये थंडीचे कपडे निम्म्या किमतीला लागतात. दुसऱ्या हिवाळ्याचे हातमोजे आणि बुटांचा दुसरा जोड मी तेव्हाच घेऊन ठेवला. जाताना इथून फक्त लोकरी मोजे आणि चटणी नेणार आहे. या वेळी पुडीवर काय आहे ते नीट लिहून.